न आलेल्या निरोपाचा माग

रसग्रहण करायचं ते कवितेचं, फार तर एखाद्या ललितलेखाचं, असा आपल्याकडचा रिवाज आहे. मी वाचायला घेतलेलं पान गाडीदुरुस्तीच्या पुस्तकातलं आहे. साधारण २००५ नंतर अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटा गाड्यांच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये टायरच्या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचं एक प्रकरण असतं. त्यात सी२१२१ ते सी२१२४ या चार कोडांसाठी मिळून एकच तपासणी दिलेली असते. विषय अगदी छोटा: चाकाकडून निरोप येत नाहीये, का ते शोधा. लेखकाचं नाव कुठे नाही, विशेषणं जवळजवळ नाहीतच, आणि ‘कदाचित’ हा शब्द वापरायचा नाही अशी शपथ घेऊन कुणीतरी ते लिहिलं असावं असं वाटतं. तरीही मला हे पान सुंदर वाटतं. त्याचं सगळं बळ एका गोष्टीवर एकवटलंय: वाईट बातमी वेगळी आणि बातमीच न येणं वेगळं. हा फरक ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत सोडत नाही.

पानाकडे जायच्या आधी डॅशबोर्डवरचा दिवा पाहायला हवा, कारण गोष्ट तिथे सुरू होते. पिवळा दिवा, घोड्याच्या नालासारखी आकृती, खाली दातेरी बूड, मध्ये उद्गारचिन्ह. टायरचा आडवा छेद काढलाय हे सांगितल्याशिवाय कळत नाही. चित्रकाराला पैकीच्या पैकी गुण देता येणार नाहीत. पण या दिव्याला दोन वाक्यं बोलता येतात. चावी फिरवल्यावर तो क्षणभर लागून विझतो, ती दिवा शाबूत असल्याची हजेरी. त्यानंतर तो सरळ लागून राहिला तर अर्थ ‘एखाद्या टायरमध्ये हवा कमी आहे’. आधी ६० ते ९० सेकंद लुकलुकला आणि मग स्थिर झाला तर अर्थ ‘हवा किती आहे ते मला कळत नाहीये’. दुसरं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. आपल्या आसपासच्या किती यंत्रांना आपलं अज्ञान असं स्वच्छ कबूल करता येतं? बहुतेक यंत्रं बिघडली की जुनाच आकडा दाखवत बसतात, नाहीतर गप्प होतात, आणि गप्प बसणं म्हणजे सगळं ठीक असं आपण धरून चालतो.

हे वाक्य दिव्याच्या तोंडी कायद्याने घातलं. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने पासष्ट लाख टायर परत मागवले. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर त्या टायरचा पट्टा सुटून गाड्या उलटत होत्या, माणसं मरत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रेड नावाचा कायदा आला आणि टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा गाडीनेच द्यावा असं ठरलं. पहिल्या नियमाने कंपन्यांना पळवाट ठेवली होती. चाकात सेन्सर न बसवता ब्रेकच्या एबीएस यंत्रणेतल्या, चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर काम भागवायचं. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून इतरांपेक्षा जलद फिरतं, तेवढा फरक टिपायचा. पण चारही टायर सारखेच बसले तर फरक उरतो कुठे? २००३ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. २००५ च्या नव्या नियमाने सांगितलं, की कंपनीने ठरवलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के किंवा त्याहून जास्त कमी झाली तर २० मिनिटांच्या आत दिवा लागलाच पाहिजे, आणि यंत्रणाच बिघडली तर तेही दिव्याने सांगितलं पाहिजे. बिघाडासाठी वेगळा दिवा देण्याची मुभा होती. बहुतेक कंपन्यांनी एकाच दिव्यावर दोन्ही कामं ढकलली, आणि इथे मूळ कल्पनेची धार थोडी बोथट झाली. दीड मिनिटानंतर दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात. गाडी चालू करून मागे वळून पार्किंगमधून रिव्हर्स काढणाऱ्या माणसाने लुकलुक पाहिलेलीच नसते. तो पंपावर जाऊन हवा भरतो, दिवा जात नाही, मग दिव्यालाच शिव्या घालतो.

आता निरोप पाठवणारा. रिमच्या आत व्हॉल्व्हच्या बुडाशी काडेपेटीएवढा सेन्सर बसवलेला असतो. दाब मोजणारी सिलिकॉनची चकती, तापमान मोजायची सोय, चाक फिरतंय की नाही हे ओळखणारा त्वरणमापक, रेडिओ आणि लिथियमचा सेल. सगळं राळेत ओतून बंद केलेलं, म्हणजे सेल बदलायची सोय नाही. सात ते दहा वर्षांनी सेल संपला की अख्खा सेन्सर बदला. ताशी १०० किलोमीटर वेगाला त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीडशे पट ओढ सोसावी लागते. अशा जागी बसून तो चालत्या गाडीत साधारण मिनिटाला एकदा बोलतो: माझा नंबर अमुक, दाब इतका, तापमान इतकं. अमेरिकेत ३१५ मेगाहर्ट्झवर, युरोपात आणि आपल्याकडे ४३३ वर. बोलतो तेही उघड्यावर. २०१० मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स आणि साऊथ कॅरोलायना विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की ४० मीटरवरूनही हे बोलणं ऐकता येतं आणि खोटा निरोप घुसवून दिवा लावताही येतो. चाक आणि गाडी यांच्यामध्ये वायर नाही. या प्रकरणातला मुख्य दुवा मल्टिमीटरला दिसतच नाही. विजेचा दोष शोधायला निघालेल्या माणसाची ही पहिली अडचण, आणि पानाची रचना मुळात ह्या अडचणीतून आलेली आहे.

पान सुरू होतं ते ऐकण्यापासून. त्या काळातल्या टोयोटात स्कॅनर नसला तरी चालत असे. स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यातल्या १३ आणि ४ नंबरच्या पिना एका वायरच्या तुकड्याने जोडायच्या आणि चावी ऑन करायची. (१६ नंबरवर बॅटरीचं थेट पॉझिटिव्ह असतं, त्यामुळे घाईत नंबर चुकवू नये.) मग तोच पिवळा दिवा आकडे बोलू लागतो. दोनदा लुकलुक, दीड सेकंद थांबा, एकदा लुकलुक: एकवीस. अडीच सेकंद थांबा. दोनदा, थांबा, दोनदा: बावीस. लहान थांबा आकड्यातल्या अंकांमध्ये, मोठा थांबा दोन आकड्यांमध्ये. बोलायला फक्त उजेड आणि अंधार असताना अर्थाचं सगळं ओझं थांब्यांवर पडतं, आणि यती चुकला की ओळ फसते हे वृत्तात लिहिणाऱ्याला वेगळं सांगायला नको. इथे यती चुकला तर एकवीस आणि बावीस मिळून काहीतरी भलतंच ऐकू येईल. काही दोष नसेल तर दिवा पाव-पाव सेकंदाच्या एकसारख्या ठेक्यात लुकलुकत राहतो, कुठेही न थांबता. एकाहून जास्त कोड असतील तर लहान आकडा आधी येतो. दोष किती गंभीर आहे याच्याशी त्या क्रमाचा संबंध नाही, हे ध्यानात ठेवायचं.

एकवीस ते चोवीस म्हणजे सी२१२१ ते सी२१२४. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या नंबराच्या सेन्सरकडून काहीच ऐकू आलं नाही. आणि इथे पहिला चकवा आहे. पहिला म्हणजे पुढचा डावा, असं काही नसतं. ईसीयूच्या, म्हणजे या यंत्रणेच्या छोट्या संगणकाच्या, वहीत चार नंबर नोंदवलेले असतात, त्यांच्या जागा नाहीत. चाकं एकदा पुढे-मागे केली की पहिला नंबर कुठल्या कोपऱ्यात गेला हे गाडीलाही ठाऊक नसतं. मोठ्या गाड्यांत स्टेपनीतही सेन्सर असतो, तिचा कोड सी२१२५. दिवा लागतो, मालक चारही चाकांभोवती फेऱ्या मारतो आणि दोषी असतो डिक्कीच्या खाली लटकलेला पाचवा.

पानातला मला सर्वांत आवडणारा प्रश्न यानंतर येतो: एकच गप्प आहे की चारही? एक गप्प असेल तर संशय त्या सेन्सरवर. चारही एकदम गप्प झाले असतील तर चौघांना एकाच दिवशी काही झालं असं मानायचं नाही, ऐकणाऱ्याकडे वळायचं. रिसीव्हर, त्याच्या वायरी, मग ईसीयू. चार जणांकडून निरोप आला नाही म्हणून चौघांवर न रुसता आधी आपला फोन चालू आहे का ते पाहावं, इतकं साधं शहाणपण; पण गॅरेजमध्ये चारही सेन्सर बदलून बिल हातात ठेवणारे लोक असतात, तेव्हा ते छापून ठेवलेलं बरं. मात्र मी इथे पानाच्या समासात एक टीप लिहीन. चारही सेल एकाच महिन्यात कारखान्यातून निघालेले असतात. आठ-नऊ वर्षं झालेल्या गाडीत चौघंही पाठोपाठ माना टाकू शकतात. पानाचं तर्कशास्त्र नव्या गाडीला चपखल बसतं, म्हातारीला थोडं सैल होतं.

आणि मुक्या चाकाला बोलतं करायची रीत! हवा सोडा. चाचणीच्या मोडमध्ये एकेका टायरमधून अर्ध्या मिनिटाच्या आत ४० किलोपास्कल, म्हणजे जेमतेम सहा पीएसआय हवा काढायची. दाब झपाट्याने उतरला की सेन्सरला वाटतं पंक्चर झालं, आणि तो मिनिटाची वाट न पाहता तडक निरोप पाठवतो. आला तर सेन्सर जिवंत. नाही आला तर कोणता कोपरा मुका आहे ते कळलं. मला यातली नाट्यमयता आवडते: ज्या संकटाची बातमी देण्यासाठी यंत्रणा जन्मली, तेच संकट तिच्यासमोर खोटं उभं करून तिची परीक्षा घ्यायची. पुस्तक हे कसलाही आव न आणता, एका ओळीच्या सूचनेत सांगून पुढे जातं. आजची गॅरेजं हातातल्या यंत्राने १२५ किलोहर्ट्झचा हळू आवाज देऊन सेन्सर जागा करतात, टायरच्या भिंतीला यंत्र टेकवलं की काम झालं. सोयीचं आहे, पण फुसकन सुटलेल्या हवेची गंमत त्यात नाही.

सेन्सर बोलतोय आणि तरीही निरोप पोचत नाही, असं ठरलं की पान वायरींकडे वळतं आणि भाषा आणखी आटते. तीनच वायरी: पाच व्होल्ट, अर्थ आणि बातमी नेणारी. दोन्ही टोकांचे कनेक्टर काढा. ईसीयूच्या टोकापासून रिसीव्हरच्या टोकापर्यंत रेझिस्टन्स १ ओहमपेक्षा कमी हवा. वायर अखंड आहे एवढं यातून कळतं. मग तीच वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात १० किलोओहम किंवा जास्त हवा. म्हणजे वायर कुठे घासून बॉडीला टेकलेली नाही. अर्थची वायर मात्र बॉडीला जोडलेलीच असायची, तिची अपेक्षा उलटी. इतकंच कोष्टक. पण नीट वाचलं तर लक्षात येतं की दोन्ही प्रश्न मिळून वायरीचं सगळं चारित्र्य सांगून टाकतात: जिथे पोचायचं तिथे पोचते का, आणि जिथे जायला नको तिथे जात नाही ना. यातला एकच प्रश्न विचारणारे खूप. मल्टिमीटरची कंटिन्युटीची शिट्टी वाजली की वायर चांगली, असा निकाल देऊन आपल्याकडचे कित्येक वायरमन मोकळे होतात. शिट्टी अखंडपणाची असते. वायर मध्येच बॉडीला शॉर्ट असली तरी ती तितक्याच आनंदाने वाजते.

कोष्टकाच्या शेजारी कनेक्टरची आकृती असते आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ: हा कनेक्टर कोणत्या बाजूने पाहिला आहे. समोरून, की मागून, वायरी आत शिरतात त्या बाजूने. ही ओळ वगळून पुढे जाणाऱ्याचं पान संपलं म्हणून समजा, कारण बाजू उलटली की पिनांचे नंबर आरशातल्यासारखे उलटतात आणि तुम्ही प्रामाणिकपणे, अगदी नीट, भलतीच वायर मोजत बसता. पिना बारीक असतात. मल्टिमीटरचं जाड टोक आत खुपसलं तर पिनेचं तोंड पसरतं, आणि जो दोष आधी नव्हता तो तपासणीनेच तयार होतो. म्हणून जाणता माणूस मागच्या बाजूने, बारीक सुईसारख्या टोकाने मोजतो.

आता पानाचा दोष, कारण रसग्रहण म्हणजे नुसती आरती नव्हे. हे पान उभ्या गाडीसाठी लिहिलेलं आहे. उभ्या गाडीत, कोरड्या गॅरेजमध्ये, कनेक्टर काढून ठेवलेले असताना वायर १ ओहमखाली दाखवते आणि पान तिला उत्तीर्ण करून टाकतं. पण गाडीतल्या वायरी उभ्या गाडीत सहसा बिघडत नाहीत. स्पीडब्रेकरवर आदळताना एखादी पिन क्षणभर सुटते, पावसात कनेक्टरमध्ये ओल शिरते, उन्हात तापलेल्या केबिनमध्ये सोल्डरची चीर उघडते. हेडलाइटसारख्या जास्त करंट घेणाऱ्या सर्किटमध्ये तर ओहमची तपासणी आणखीच फसवी: तांब्याचा एकच तंतू शिल्लक असला तरी मल्टिमीटरच्या इवल्याशा करंटला तो पुरतो, दिव्याच्या करंटला पुरत नाही. इथे रिसीव्हरची भूक मुळात थोडी, त्यामुळे तो आक्षेप तितका लागू नाही. हलल्यावर तुटणाऱ्या वायरीचा आक्षेप मात्र पुरेपूर लागू आहे, आणि वारंवार येऊन-जाऊन असणाऱ्या दिव्याच्या मागे बहुधा अशीच एखादी वायर किंवा थकलेला सेल असतो.

पुस्तकाला हे माहीत नाही असं नाही. त्याच्या अगदी सुरुवातीला, सर्व प्रकरणांच्या आधी, येऊन-जाऊन असलेल्या दोषांसाठी स्वतंत्र मजकूर आहे: कनेक्टर आणि वायरी हळूच हलवून पाहा, संशयित भाग गरम हवेने तापवा, पण ६० अंशांच्या वर नाही, पाण्याचा फवारा मारा, पण थेट इंजिनवर नाही, पंखा, दिवे, काच तापवणारी तार असं सगळं एकदम चालू करून विजेवर ताण द्या. दोष आपण होऊन येत नसेल तर त्याला यावंसं वाटेल असं वातावरण तयार करा, असा एकूण रोख. हा मजकूर पुस्तकातला सर्वांत अनुभवी आवाज आहे. पण प्रस्तावना कोण वाचतो? कोड हातात आला की माणूस थेट त्या पानावर उडी मारतो, आणि तिथे परतीची खूण ठेवलेली नसते. संपादनाची ही चूक आहे असं माझं मत.

थंडीचा उल्लेख करायलाच हवा, कारण दिव्याची दोन्ही वाक्यं एकाच ऋतूत शेजारी-शेजारी ऐकू येतात. तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने उतरतो. कडाक्याच्या थंडीच्या गावात सकाळी दिवा सरळ लागला तर तो खरं बोलतोय, हवा खरोखरच कमी आहे. पण थंडीने म्हाताऱ्या सेलचा आतला अडथळाही वाढतो. निरोप पाठवायच्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि निरोप अर्धवट राहतो. मग दिवा लुकलुकून स्थिर होतो, आणि दुपारी ऊन तापल्यावर गाडी पुन्हा चालू केली की शहाण्यासारखा वागतो. ज्याने सकाळचे पहिले दीड मिनिट दिव्याकडे पाहिलं त्याला दोन्हींतला फरक कुठलंही उपकरण न लावता कळतो. मी तपासणीचं पान लिहिलं असतं तर त्याची पहिली सूचना हीच असती: चावी फिरवा आणि ९० सेकंद काही करू नका.

आपल्याकडे ही यंत्रणा सक्तीची नसली तरी तिचं वजन वाढलं आहे. २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी दिली नाही तरी चालेल, असं आता आहे. म्हणजे जिथे पाचवं चाक होतं तिथे एक दिवा आला. समृद्धी महामार्गावर मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवरून जाताना त्या दिव्याला नुसता शोभेचा म्हणणं परवडणारं नाही. अडचण आमच्या पंक्चरवाल्याची आहे. ‘बत्तीस हवा टाक’ म्हटलं की त्याचं काम चोख असतं. पण टायर उतरवताना लोखंडी पट्टी नेमकी व्हॉल्व्हपाशी घातली की सेन्सरचा तुकडा पडतो. किंवा तो ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन बसवतो. पावसाळ्यात दोन धातूंमध्ये खारट ओल साचली की तिथेच एक छोटी बॅटरी तयार होते, गंज धरतो आणि पिन कायमची अडकते. निकेलचा मुलामा दिलेली पिन मागून घ्यावी.

शेवटची चौकट ईसीयू बदला असं सांगते. सर्वांत महाग पाऊल सर्वांत शेवटी. पानात ‘कदाचित’ नाही हे खरं, पण शक्यतांचा सगळा हिशेब पायऱ्यांच्या क्रमात मुरलेला आहे. मात्र त्या चौकटीच्या आधी वाचायला हवी अशी एक सूचना ईसीयू बदलण्याच्या वेगळ्या प्रकरणात जाऊन बसली आहे: जुना ईसीयू काढण्यापूर्वी त्यात नोंदवलेले सेन्सरचे नंबर स्कॅनरने वाचून कागदावर उतरवून ठेवा. नवा ईसीयू कोराच येतो. त्याला नंबर सांगितल्याशिवाय तो कुणाचंच ऐकत नाही, आणि जुना पूर्ण मेला असेल तर नंबर वाचायचे कुठून? ते सेन्सरच्या अंगावर छापलेले असतात. म्हणजे चारही टायर रिमवरून उतरवा, नंबर वाचा, पुन्हा चढवा, पुन्हा बॅलन्सिंग करा. अर्ध्या तासाच्या कामाचा दिवस होतो. माझ्या हाती लाल पेन्सिल असती तर ही सूचना उचलून पानाच्या पहिल्या ओळीत बसवली असती, कारण तेव्हा ईसीयू निदान नंबर सांगण्याइतका तरी शुद्धीवर असतो.